वस्तीतले शेजारघर



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात ग्रंथांविषयीच बोलावे, असा एक संकेत आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र एक घर आहे. इंग्रजी मुलखांत त्याला 'सेटलमेंट हाउस' किंवा 'नेबरहुड हाउस' म्हणत आले. मराठीत त्याला एकच एक रूढ नाव मिळाले नाही. म्हणून येथे त्यास 'शेजारघर' म्हटले आहे. गरिबांच्या, परगावाहून पोटासाठी आलेल्यांच्या वस्तीत काही सुशिक्षित माणसांनी बिऱ्हाड करावे, त्या घराचे दार सर्वांस उघडे ठेवावे, आणि शाळा, दवाखाना, व्यायामशाळा, वाचनालय यांपैकी वस्तीला जे हवे असेल ते तेथे हळूहळू उभे राहू द्यावे, अशी ही कल्पना. अन्नछत्रात किंवा धर्मशाळेत देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. देणारा संध्याकाळी आपल्या पेठेत परततो. शेजारघरातल्या कार्यकर्त्याला परतायला दुसरे घर नसते. नळाला पाणी आले नाही, तर ते त्यालाही येत नाही; पलीकडच्या खोलीतले मूल रात्रभर खोकले, तर त्याचीही झोप मोडते. पुष्कळ सुधारणांचा उगम अशा मोडलेल्या झोपेत आहे.

अशा पहिल्या घराचा मान लंडनच्या टॉयनबी हॉलकडे जातो. पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या दरिद्री भागात सॅम्युअल बार्नेट हे पाद्री आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ मध्ये ते उभे केले. ऐन तिशीत निवर्तलेले अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉयनबी यांचे नाव त्यास देण्यात आले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण पदवीधर तेथे राहावयास येऊ लागले. पूर्व युरोपातील छळाला कंटाळून पळालेले यहुदी त्या काळी व्हाइटचॅपलमध्ये दाटीवाटीने राहत होते. त्यांची भाषा यिडिश, धंदा बहुधा शिवणकामाचा. ग्रंथालयाच्या सभासदांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की १८९२ मध्ये त्या भागात जे सार्वजनिक ग्रंथालय उघडले त्यामागे बार्नेट यांची खटपट होती, आणि त्या ग्रंथालयाने इंग्रजीच्या जोडीस यिडिश आणि हिब्रू ग्रंथांचाही मोठा संग्रह केला. ज्यांच्या घरात दिवा लावून बसण्याइतकीही जागा नव्हती, अशी शिंप्यांची मुले तेथे येऊन वाचत. पुढे त्या पोरांतून लेखक आणि चित्रकार निघाले, आणि लोक त्या इमारतीला गरीब वस्तीचे विद्यापीठ म्हणू लागले. कालांतराने यहुदी तेथून हलले आणि त्याच गल्ल्यांत सिल्हेटकडचे बंगाली येऊन राहिले.

अमेरिकेत ही कल्पना रुजवणाऱ्यांत जेन ॲडम्स या बाई होत्या. टॉयनबी हॉल पाहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर 'हल हाउस' सुरू केले. भोवताली इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन अशा नाना देशींच्या कष्टकऱ्यांची वस्ती. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाची एक वाचनशाखाही याच घराच्या छपराखाली चालत असे. बाईंच्या कार्याचा सर्व विस्तार सांगण्याचे हे स्थळ नव्हे. १९३१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले, एवढे सांगितले तरी पुरे. एक प्रयोग मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे.

परदेशातून आलेल्या कुटुंबांत ॲडम्सबाईंना एक निराळेच दुःख दिसले. मुली शाळेत आणि कारखान्यात इंग्रजी शिकत, नव्या तऱ्हेचे कपडे घालीत, आणि आईबरोबर रस्त्याने चालण्याची त्यांना लाज वाटू लागे. आईची भाषा गावंढळ, डोक्यावरचा रुमाल गावंढळ, तिच्या हातची चाती तर अडगळच. तेव्हा १९०० मध्ये बाईंनी 'श्रमसंग्रहालय' या नावाचे दालन काढले. त्यात या म्हाताऱ्या बायांनी आपापल्या देशच्या रीतीने सूत कातावे, विणावे, आणि लोकांनी ते पाहावयास यावे. ज्या बाईला मुलगी चारचौघांत आई म्हणून ओळख देत नव्हती, तिचे कसब पाहून शहरातील जाणकार थबकले. आणि ते पाहणारी मुलगी पुढे आईच्याच दाराने आत येऊ लागली. एवढाच प्रयोग. आलेल्या माणसाला नवी भाषा शिकवणे हे तुलनेने सोपे काम आहे. त्याची जुनी भाषा त्याच्या लेकरांच्या नजरेत पडू न देणे हे अवघड, आणि ते फार थोड्यांना साधले.

या घरांची दुसरी बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. युरोपातून आलेल्यांस हात पुढे करणाऱ्या अमेरिकेतील पुष्कळ शेजारघरांनी आपल्याच देशातल्या कृष्णवर्णीयांना दार उघडले नाही. 'सर्वांस खुले' ही पाटी दारावर लावणाऱ्याच्या मनात 'सर्व' म्हणजे कोण, हा प्रश्न सर्वत्रच विचारावा लागतो. आपल्याकडे तर तो आधी विचारावा लागतो.

हे बीज मराठी मुलखात आणणाऱ्यांत एक मनुष्य कृष्णाकाठच्याच भूमीतला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ मध्ये जमखंडी येथे झाला. घरात मराठी, बाहेर कानडी, अशा दुभाषी वातावरणात ते वाढले; पुढे कानडी आणि मराठी यांच्या आंतरिक नात्यावर त्यांनी जे विवेचन केले, त्याचे मूळ या बालपणात शोधावयास हरकत नाही. १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करीत होते, आणि विलायतेतील गरीब वस्त्यांतून चालणारी सेवाकार्ये त्यांनी डोळसपणे पाहिली. परतल्यावर १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळ येथे अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे चिटणीस, अशी ती 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी' होय. शिंद्यांचे वेगळेपण शाळा काढण्यात नव्हते. शाळा इतरांनीही काढल्या होत्या. ते आपल्या कुटुंबासह त्या कामगारवस्तीत जाऊन राहिले. त्यांची बहीण जनाबाई घरोघर फिरत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, बायांना धीर देत. ज्या वस्तीची सावली टाळावी असा तो काळ, तेथे एका कुटुंबाने चूल मांडली, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठी होती. हल हाउसच्या तोडीचे हे शेजारघर; फक्त त्याचे वर्णन आपल्याकडे त्या नावाने कोणी केले नाही.

तथापि येथेही तो 'सर्व'चा प्रश्न आलाच. ज्यांच्यासाठी संस्था आहे, त्यांच्या हाती तिचा कारभार का नसावा, असे अस्पृश्य समाजातील जागृत तरुण विचारू लागले, आणि ते विचारणे रास्त होते. १९२३ च्या सुमारास शिंदे मिशनच्या जबाबदारीतून बाजूस झाले.

परळच्या त्याच परिसरात दुसरेही एक काम वाढत होते. नारायण मल्हार जोशी हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, अशा नाना जिल्ह्यांतून गिरणीत आलेला गडी एका खोलीत दहा-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपे. खोली झोपण्यापुरती, उरलेला वेळ रस्त्यावर किंवा गुत्त्यात. लीगने त्या उरलेल्या वेळेसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालवली. ग्रंथ पेटीत भरून चाळीत जात आणि तेथे वाचून झाले की पेटी पुढल्या चाळीत. वाचकाने ग्रंथाकडे यावे ही सर्वसाधारण रीत. ग्रंथाने वाचकाकडे जावे हा लीगचा विचार, आणि तो आपल्या ग्रंथालयीन चळवळीच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदला जावयास हवा होता.

लीगचे परळ येथील दामोदर ठाकरसी सभागृह म्हणजे कामगारांच्या रंगभूमीचे माहेरघर. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची नाटके वर्षानुवर्षे तेथे रंगली. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा कलावंतांनी केलेला विरोध अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचला असेल. त्या सभागृहाची एक आठवण मात्र थेट या तालुक्याशी येऊन भिडते. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपली पहिली महत्त्वाची बैठक तेथे घेतली; तीतून त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. या सभेच्या आरंभीच्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह आणि मुंबईतील मोफत वाचनालय ही होती. सभेची सूत्रे बहिष्कृतांच्या हिताची, आणि कार्यकर्ते त्यांच्यातलेच. वर्ष उलटण्याच्या आत, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली ती आपल्या निपाणीत, आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. परळच्या एका खोलीत जे बोलले गेले, त्याचा प्रतिध्वनी इतक्या लवकर तंबाखूच्या या पेठेत उमटला.

नाव आणि रूप या दोन्ही अंगांनी अस्सल म्हणावे असे शेजारघर मात्र मुंबईत नागपाड्यास उभे राहिले, आणि ते उभे केले अमेरिकन मराठी मिशनने. हे मिशन मराठी वाचकांस अपरिचित नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईस उतरले तेव्हापासूनचे ते. १८४२ पासूनचे 'ज्ञानोदय' नियतकालिक त्याचेच. १९२५ मध्ये या मिशनच्या वतीने क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तरुण गृहस्थ मुंबईत आले. ते शिकागो विद्यापीठात शिकलेले. हल हाउसच्या गावातून आलेल्या माणसाला शेजारघर म्हणजे काय हे पढवावे लागत नाही. त्यानंतर लवकरच 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू झाले.

जागेची निवड ध्यानात घेण्याजोगी आहे. भायखळ्याचा हा भाग म्हणजे देशोदेशींच्या माणसांचा संगम. एका अंगास बगदादी यहुद्यांनी १८६४ मध्ये बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग. त्याच भागात कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल. मुसलमानांची दाट वस्ती, ख्रिस्ती, हिंदू, पारशी. आणि लगतच तेलुगू बोलणाऱ्या कामाठी मजुरांच्या नावाने ओळखला जाणारा कामाठीपुरा, ज्याचे नाव सभ्य माणसे हळू आवाजात घेत. अशा ठिकाणी एका मिशनने घर उघडले, म्हणजे ते बाटवण्यासाठीच असणार, ही शंका लोकांस आली असेल तर त्यात नवल नाही. मॅन्शार्ट यांनी त्या घराचे दार सर्व धर्मांच्या लोकांस सारखेच उघडे ठेवले. लहान मुलांची शाळा, मातांसाठी वर्ग, आरोग्याची तपासणी, रात्रीचे शिक्षण, वाचनाची खोली, आणि मोकळे पटांगण, असा तो संसार होता. १९२९ आणि १९३२ च्या दंगलींत मुंबई होरपळली. निरनिराळ्या धर्मांची पोरे ज्या वस्तीत एकाच पटांगणावर खेळत, तेथे राहणाऱ्या माणसाने १९३६ मध्ये हिंदू-मुसलमान प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

पटांगणाचा उल्लेख वर सहज आला. पण सहज सोडून देण्याजोगा तो नाही. अमेरिकन कार्यकर्त्यांनी तेथे बास्केटबॉल आणला. आज नागपाडा म्हटले की क्रीडाप्रेमींना दुसरे काही आठवत नाही. गल्लीतली पोरे तेथून निघून देशाच्या संघात गेली. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतासिर हे याच वस्तीचे. व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका चेंडूने साधले, असे म्हटले तर मॅन्शार्ट यांचा अवमान होऊ नये. तेही व्याख्याने भरवीतच होते: मुंबई नगरपालिका कशी चालते, शहराचे उद्या काय होणार, हिंदुस्थानातील मुलांची स्थिती काय, अशा विषयांवर जाणत्यांना बोलावून त्यांची भाषणे ग्रंथरूपाने काढीत. या ग्रंथमाला चाळणाऱ्यास आजही त्यांत नगररचनेचे आणि बालकल्याणाचे शहाणपण सापडते.

नागपाड्याच्या कामात एक गोष्ट लवकरच उघड झाली. चांगले मन असलेली माणसे पुष्कळ मिळतात; वस्तीत काम कसे करावे हे शिकलेली माणसे मिळत नाहीत. आजाऱ्याला दवाखान्यात नेणे दयेने जमते, परंतु तो पुन्हा पुन्हा आजारी का पडतो याचा शोध घेण्यास अभ्यास लागतो. मॅन्शार्ट यांनी टाटा विश्वस्तांपुढे अशा शिक्षणाची योजना मांडली, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले संचालक मॅन्शार्ट, पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, आणि वर्ग भरत ते नागपाड्याच्या त्याच शेजारघरात. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. पुढे ती देवनारला गेली आणि सर्व देशाला समाजकार्यकर्ते पुरवू लागली. समाजकार्याचे भारतातील पहिले विद्यालय विद्यापीठाच्या आवारात न जन्मता एका बदनाम वस्तीच्या कडेला जन्मास आले, याचा विसर अलीकडे त्या क्षेत्रातील माणसांनाच पडू लागला आहे की काय, अशी शंका येते.

मुंबईहून आता चिकोडीकडे वळावयास हवे. सीमाभागाचे एक वैशिष्ट्य लंडन-शिकागोच्या अनुभवात बसत नाही. तेथे माणसे देश सोडून दुसऱ्या देशात आली आणि परकी झाली. येथे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कोणी घर बदलले नाही, शेत बदलले नाही, तरी पुष्कळांस एका रात्रीत आपण दुसऱ्याच्या घरी आलो असे वाटले. या भावनेचा राजकीय निकाल काय लागावा हा या व्याख्यानाचा विषय नाही. परंतु कचेरीतील कागद एका भाषेत, देव्हाऱ्यातली पोथी दुसऱ्या भाषेत, आणि नातवाची शाळा आताशा तिसऱ्याच भाषेत, अशी घरे चिकोडी-निपाणीत दारोदार आहेत. शिकागोच्या त्या मुलीची लाज येथल्या घरांतही शिरली आहे. फक्त आईऐवजी आजी, आणि चातीऐवजी हरिपाठाची पोथी.

या भागाला शेजारघराची खरी निकड होती ती तंबाखूच्या वखारींत. पाने कुटणे, चाळणे, निवडणे, हे सारे काम बायांचे. दिवसभर धूळ नाकातोंडात, लेकरू शेजारीच. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांची हलाखी वेगळी: पान आणि तंबाखू ठेकेदाराकडून यायची, हजारी मोजून द्यायची, आणि 'छाट' म्हणून किती विड्या बाजूस काढायच्या ते ठरवणार पुन्हा तोच. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास चिकोडी तालुका कामगार महासंघाने या बायांना एकत्र आणले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यांच्याविषयी लिहिले, आणि 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. मजुरीचा प्रश्न संघटनेने हाती घेतला. मजुरीपलीकडचा प्रश्न, म्हणजे वखार सुटल्यावर बाई कोठे बसेल, तिची मुले अभ्यास कोठे करतील, तो मात्र बव्हंशी जेथल्या तेथे राहिला.

आणि आता दरवर्षी नवे शेजारी येतात. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड करणाऱ्या टोळ्या बेळगाव जिल्ह्याच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेतो परत जाण्याची सोय नाही. कारखान्याच्या आसपास पाले पडतात, आणि पालांत शाळा सुटलेली मुले असतात. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. कोल्हापूरच्या 'अवनि' संस्थेने ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. सीमेच्या या बाजूस मुलांची अडचण दुहेरी होते, कारण जवळची सरकारी शाळा बहुधा कानडी. चार-पाच महिने ही मुले अक्षराविना काढतात आणि गावी परततात तेव्हा इयत्ता पुढे गेलेली असते.

या मुलांची भाषा ज्या इमारतीच्या कपाटांत भरलेली आहे, तीत आजची सभा भरली आहे.

आपल्या भागातील जुनी वाचनालये, बेळगावचे १८४८ चे किंवा कोल्हापूरचे १८५० चे, निघाली ती पेठेतल्या सुशिक्षितांसाठी, आणि त्या काळी ते क्रमप्राप्त होते. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याची अनुदानाची चौकट राज्याबाहेरच्या वाचनालयांस लाभत नाही. कर्नाटकाचा १९६५ चा कायदा मुख्यत्वे शासकीय ग्रंथालयांचा. म्हणजे सीमाभागातील मराठी ग्रंथालये आजवर टिकली ती सभासदांच्या वर्गणीवर आणि आश्रयदात्यांच्या उदारतेवर. अशा संस्थेस आणखी एक ओझे घ्या असे सांगणे सोपे नाही. परंतु लीगच्या पेटीचा खर्च तो किती? पन्नास बालपुस्तके, एक कुलूप, आणि आठवड्यातून एकदा पालांपर्यंत सायकल नेणारा एक तरुण. तीच पेटी विडी वळणाऱ्या बायांच्या गल्लीतही जाऊ शकेल. आणि गल्लीतली मुले कानडी शाळेत जात असतील, तर पेटीत दहा पुस्तके कानडी असण्यास कोणाची हरकत असू नये. व्हाइटचॅपलच्या कपाटात दोन लिप्या शेजारी शेजारी राहिल्याने इंग्रजी भाषा काही बुडाली नाही.

अडचण येईल ती नियमांची. सभासदत्वास अनामत रक्कम, कायमचा पत्ता आणि ओळख देणाऱ्याची सही लागते, हे सर्वत्रच असते, आणि ते गैरही नाही. पालातल्या मुलाजवळ यांतले एकही नाही. मुकादमाची सही घ्यावी, तर ते मूल पुस्तकापायी त्याच्या आणखी एका उपकाराखाली जाईल. तेव्हा कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत हंगामी वाचकांसाठी विनाअनामत वेगळी वही सुरू करण्याचा ठराव चर्चेस घ्यावा. काही पुस्तके परत येणार नाहीत, हे आधीच धरून चालावे; जुन्या कपाटांत वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांची यादी काढली, तर ती बहुधा याहून लांब निघेल. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी वही आखून झाली, तर पहिली पेटी यंदाच जाऊ शकेल.